शेळीचा वीर

आमचे आबा वीर आहेत, हे मला शाळेत कळलं. घरात ते फक्त उशिरा उठायचे. चहात गूळ कमी पडला की चुलीकडे तोंड करून ओरडायचे, आणि भाताची लावणी सुरू झाली की नेमकी त्याच आठवड्यात त्यांची कंबर धरायची. ते माझे थोरले चुलते. वडील लोणावळ्याला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते आणि सुट्टीलाच घरी यायचे, म्हणून मळवलीपलीकडच्या आमच्या गावात आई आणि मी आबांच्या हाताखाली राहत होतो. हाताखाली म्हणजे आई राबायची आणि आबा ओसरीवर बसून ते बघायचे.

ते बसायचे वाघाच्या कातड्यावर. वाघ म्हणजे खरं तर बिबट्या, पण आमच्याकडे अंगावर ठिपके असले काय आणि पट्टे असले काय, सगळा वाघच. तो आबांनी मारला होता, माझ्या जन्माच्या आधी. त्या जोरावर त्यांना गावात मान होता आणि मिशा होत्या.

मी चौथीत असताना शाळेला नवे मास्तर आले. पुण्याला ट्रेनिंग करून आलेले, पांढरंशुभ्र धोतर, आणि ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं सगळं एका वर्षात आमच्यावर वापरून संपवायचा निर्धार. आधी त्यांनी आमच्याकडून मातीची फळं करून घेतली. मग बी पेरून त्याला रोज पट्टीनं मोजायला लावलं. आणि दिवाळीनंतर एका सकाळी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘आपल्या गावातील वीरांचा शोध’.

“मोठमोठ्या वीरांची चरित्रं पुस्तकात आहेतच,” मास्तर म्हणाले. “ती वाचून घोकायची नाहीत. तुम्ही स्वतः वीर शोधायचा. वीर जिवंत असेल तर त्याला प्रश्न विचारायचे. मग ज्यानं तो पराक्रम डोळ्यांनी पाहिला अशा माणसाला विचारायचं. आणि तिसरं, पुरावा बघायचा. तलवार असेल, जखमेचा व्रण असेल, काही असेल. याला संशोधन म्हणतात. ऐकीव गोष्ट लिहिलेली मला चालणार नाही.”

हे वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं. मी ते मनावर घेतलं. वर्गात मनावर घेणारी मी एकटीच होते, हे मला नंतर समजलं.

आठवड्याभरात गावात जितकी मुलं तितके वीर झाले, आणि सगळे आपापल्या घरातले. एकाचे आजोबा चालत्या गाडीतून उडी मारून जिवंत राहिले होते. तिकीट नव्हतं म्हणून उडी मारली, हे त्यानं गाळलं. एकीच्या मामानं नाग हातानं धरला होता. एकाच्या बापानं पाटलाच्या तोंडावर खरं बोलून दाखवलं होतं, पण पाटलाचा मुलगा त्याच बाकावर बसत असल्यामुळे त्याला दुसरा वीर शोधावा लागला. मला मास्तरांनी विचारलंसुद्धा नाही. “तुझा प्रश्नच नाही. तुझे आबा!” असं म्हणून त्यांनी वहीत टिपून टाकलं.

मी पाटी घेऊन ओसरीवर गेले. आबा खूश झाले. तक्क्याला टेकून त्यांनी मिशा सारख्या केल्या आणि मी हजारदा ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगितली. कारवीच्या रानातून ते एकटे चालले होते. समोरून वाघ आला. दोघांची नजरानजर झाली. वाघानं झेप घेतली तशी आबांनी पहिली गोळी छातीत घातली. वाघ पडला, उठला, पुन्हा झेपावला. दुसरी गोळी कपाळात. खेळ खलास.

आता आबांची बंदूक खुंटीवर टांगलेली मी रोज बघत होते. ठासणीची बंदूक. दसऱ्याला आबा हवेत बार काढायचे तेव्हा आधी दारू ओतायची, चिंधी कोंबायची, गोळी घालायची, मग गजानं ठोकून ठोकून बसवायची, एवढा सोहळा चालायचा. तेवढ्यात आईच्या दोन भाकरी भाजून व्हायच्या.

“आबा, पहिली गोळी उडाल्यावर दुसरी भरेपर्यंत वाघ काय करत व्हता?” मी विचारलं.

आबांनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. चावडीवर बसणारी ती सगळी मिशाळ माणसं, जन्मभर ठासणीच्या बंदुका बघितलेली, आणि एकालाही सुचलं नव्हतं.

“वाघ?” आबा म्हणाले. “वाघ दचकला व्हता.”

“तेवढा येळ?”

“लय दचकला व्हता. जा, आईला इचार च्या झाला का.”

मी पाटीवर लिहिलं, ‘वाघ दचकला.’

मग पुरावा. माझी चुलती, म्हणजे आबांची बायको, दर काही दिवसांनी ते कातडं अंगणात उन्हात टाकायची, कारण त्याला कसर लागली होती. मी त्याच्यावर वाकून कपाळ बघितलं. कपाळ सपाट, केस झडलेले, भोक नाही. छातीची बाजू बघितली. तिथंही नाही. एकच भोक सापडलं, माझं बोट जाईल एवढं, आणि ते होतं मागच्या मांडीच्या वर. जिथं आबा बसायचे नेमकं तिथं.

“काकी, वाघाला ढुंगणावर गोळी लागलीया,” मी म्हणाले.

चुलती सुपात तांदूळ पाखडत होती. ती थांबली नाही. “मला काय इचारतीस? मी न्हाई मारला वाघ,” एवढंच म्हणाली.

राहिला डोळ्यांनी बघितलेला माणूस. वाघ मेला तो वरच्या ठाकरवाडीजवळ, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. पडवीचा कूड नव्यानं बांधायचा होता म्हणून आई कारवीच्या काठ्या आणायला वाडीवर निघाली, तेव्हा मी तिच्या मागं लागले. वाट चढणीची होती. आईनं एकदाच विचारलं, “कशाला यायचंय?” मी म्हटलं, “संशोधन.” तिला शब्द कळला नाही, पण तिनं नको म्हटलं नाही.

वाडीत एक म्हातारी उंबऱ्यात बसून दातांना मिश्री लावत होती. आईनं तिला ‘मावशी’ म्हणून हाक मारली आणि माझं काम सांगितलं. म्हातारी एवढी हसली की मिश्रीची लाळ हनुवटीवर आली.

“तुजा आबा? वीर? व्हय गं बाई, वीर हाय की. माज्या शेळीचा वीर!”

मग तिनं सांगितलं, आणि सांगताना तिला कुणाची भीड नव्हती. तिच्या घराशेजारी शेळ्यांचं खोपट होतं, कारवीच्या कुडाचं, ताटीचं दार असलेलं. पहाटे त्यात बिबट्या शिरला. म्हातारा, हाडांचा सापळा झालेला, पुढच्या पंजात साळिंदराचे काटे रुतून तो सुजलेला. शेळ्या भेदरून बाहेर पळाल्या. एक आतच राहिली. म्हातारीच्या पोरानं ताटी लोटली, दोरीनं बांधली, वर धोंडे लावले. वाघ आत कोंडला गेला. त्यानं त्या शेळीलाही हात लावला नाही. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसून राहिला.

“मग बंदूक पायजे म्हून पोरगा तुज्या आबाला सांगाया गेला. आबा आला दुपारी, जेवून खाऊन. आला त्यो पैला आंब्यावर चढला.”

“आंब्यावर?”

“वाघ कोंडलेला, आन ह्यो झाडावर! आम्ही बायाबापड्या खाली हुबं. मी म्हनलं, आबा, दार बांधलंय, उतरा खाली. तवा उतरला. कुडाच्या फटीतून बंदुकीची नळी घातली आन मारली गोळी. शेळी बोंबलली आन मेली.”

माझी आई काठ्यांची मोळी बांधत होती. तिचे हात थांबले.

“मग लय येळ ठोकत बसला बंदूक. वाघ हलला बी न्हाई. दुसरी गोळी मारली ती मागं लागली. संध्याकाळपातुर कन्हत व्हतं जनावर. ऐकवंना. शेवटी माज्या पोरानं कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, मागच्या बोथट अंगानं, डोक्यात घालून त्याला सोडवलं. पोराला मग चार दिस अन्न ग्वाड लागलं न्हाई. आन तुजा आबा वाघ खांद्यावर घिऊन, मानसं लावून, वाजवीत गेला. शेळी पन नेली माजी. मेलेलीच हाय, म्हनला. तुज्या आईनंच शिजवली असंल.”

आईनं मान वर केली नाही. “शिजवली मी,” ती म्हणाली. “शिकार आणलीया म्हनले. कशाची ते न्हाई सांगितलं.”

“झ्याक झालती का?” म्हातारीनं विचारलं आणि पुन्हा हसली.

उतरताना डोक्यावर मोळी घेऊन आई पुढं चालत होती. ओढ्यापाशी म्हणाली, “तू लिव्हनार का हे समदं?”

“मास्तर म्हनले, ऐकीव लिहायचं न्हाई. शोधून लिहायचं.”

“लिव्ह. मी नको म्हननार न्हाई. पर रातच्याला जेवायला त्याच घरात बसायचंय, येवढं ध्यानात ठेव.”

मी लिहिलं. वीर काय म्हणाला, पाहणारी काय म्हणाली, पुरावा काय सांगतो, असं मास्तरांच्या पद्धतीनं तीन भाग पाडून लिहिलं. अक्षर माझं चांगलं होतं. शेवटी ‘यावरून आपण काय शिकलो’ असं एक कलम मास्तरांनी दिलं होतं, तिथं मी लिहिलं, ‘कोंडलेल्या वाघाला भिऊ नये.’

मास्तरांनी ते टेबलाशी उभं राहून वाचलं, मग बसून वाचलं. मुलं खेळायला गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला त्यांच्याबद्दल थोडा आदर राहिला असता.

“छान शोध घेतलास,” ते हळू आवाजात म्हणाले. “सगळं खरंही असेल. पण बाळ, हे ‘वीर’ या सदरात बसत नाही.”

“मग कुठल्या सदरात बसतं?”

“त्याला सदर नाही. आणि समारंभाला दिपोटीसाहेब येणार आहेत. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर तुझे आबा. शाळेचं छप्पर यंदा आबाच शाकारून देणार आहेत. कळतंय ना?”

दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. मला कळत होतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला यातलं काही कळणार नाही, असं फक्त मास्तरांसारख्या माणसांना वाटतं. त्यांनी स्वतः बसून नवा निबंध लिहिला आणि मला दिला. घरी नेऊन मी वाचला. त्यात बिबट्याचा ढाण्या वाघ झाला होता. त्याच्या डोळ्यांत अंगार फुलले होते. आबांची छाती पोलादाची होती. इथवर मला हसू आलं. पण पुढं लिहिलं होतं, ‘अशा रीतीने त्या दयाळू वीराने एका गरीब म्हातारीची शेळी व्याघ्राच्या कराल दाढांतून सोडविली.’

या माणसानं म्हातारी माझ्याच कागदावरून उचलली होती. शेळीही तिथूनच. ती कशी मेली हे वाचून, समजून, त्यानं तिला जिवंत करून आबांच्या पदरात घातली होती. त्या दिवसापासून आजतागायत शुद्ध भाषेत लिहिलेला मजकूर दिसला की मी आधी त्यात शेळी शोधते.

समारंभाच्या दिवशी शाळेला आंब्याची तोरणं लावली होती. आबा फेटा बांधून, कातडं गड्याच्या खांद्यावर देऊन आले. ते टेबलावर पसरलं, मागची बाजू दिपोटींच्या पुढ्यातल्या फुलदाणीखाली येईल अशी. दिपोटीसाहेब घामेजलेले होते. त्यांना मळवलीहून परतीची गाडी गाठायची होती, म्हणून ते घटकेघटकेला खिशातलं घड्याळ काढत होते. समोर चावडीवरची मंडळी, मागे बायका.

नागवाला मामा झाला, उडी मारणारे आजोबा झाले. माझा नंबर आला. माझ्या हातात मास्तरांचा कागद होता. मी तो वर धरला आणि माझा निबंध म्हणाले. तो मला पाठच होता.

मी काही वगळलं नाही. कोंडलेला वाघ सांगितला, सुजलेला पंजा सांगितला, आंब्याचं झाड सांगितलं. शेळी कुणाच्या गोळीनं मेली ते सांगितलं. भोक कुठं आहे तेही सांगितलं. मोठ्या, स्पष्ट आवाजात, मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे, पूर्णविरामाला थांबत.

मला वाटलं होतं, काहीतरी होईल. कुणी ओरडेल, कुणी हसेल, मला खाली ओढतील. मास्तर तेवढे खडूसारखे पांढरे पडले. बाकी काहीसुद्धा झालं नाही. चावडीवरची मंडळी ‘आबा’ शब्द आला की माना डोलावत होती. ‘गोळी’ म्हटलं की एकमेकांकडे बघून “हां!” म्हणत होती. पुढच्या रांगेतला एक म्हातारा तर “आंब्यावर चढला” या शब्दांना “वा!” म्हणाला. ती गोष्ट त्यांना पाठ होती. माझं तोंड हलत होतं आणि त्यांना आपली जुनीच गोष्ट ऐकू येत होती. माझ्या जागी कुणी आगगाडीचं वेळापत्रक वाचलं असतं तरी चाललं असतं, मधूनमधून वाघ म्हटलं म्हणजे झालं.

दिपोटींनी घड्याळ खिशात टाकलं आणि टाळी वाजवली. सगळ्यांनी वाजवली. मास्तरांनी सगळ्यांत जोरात. “शाबास!” दिपोटी म्हणाले. “केवढं हे शौर्य! आणि मुलीचं पाठांतर किती चोख!” मग त्यांनी आबांना हार घातला आणि टांग्याकडे पळाले.

मास्तर सोडले तर दोनच माणसांनी ऐकलं होतं. मागच्या बायकांत उभी असलेली आई. तिनं पदर तोंडावर घेतला होता आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. घरी आल्यावर कळलं, हसत होती. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात ती एवढी हसलेली नव्हती.

ऐकणारे दुसरे म्हणजे आबा. संध्याकाळी जेवताना त्यांनी भाताचा शेवटचा घास घेतला, हात धुतला आणि आईला सांगितलं, “पोरगी हुशार झाली. आता साळा पुरं.” एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वाघाच्या बाबतीतही ते भिंतीआडूनच लढले होते.

आईनं त्याच रविवारी वडिलांना सगळं सांगितलं. वडील आबांपुढे कधी तोंड उघडत नसत, आणि तेव्हाही त्यांनी ते उघडलं नाही. पण सोमवारच्या गाडीनं त्यांनी मला आणि आईला लोणावळ्याला नेलं. रेल्वेच्या चाळीत एक खोली, चुलीत कोळशाचा धूर, आणि मुलींची शाळा जवळ. पुढं मी शिकले, शिक्षिका झाले. आबा गावात सांगत राहिले की पुतणीला शहरात शिकायला आपणच पाठवली.

एकदा, लढाईच्या वर्षांत, ते डोळे दाखवायला लोणावळ्याला आमच्याकडे उतरले होते. डोळ्यांत पडदा आला होता. दुपारी मी त्यांना औषध घालत होते, घरात दुसरं कुणी नव्हतं. डोळे मिटूनच ते म्हणाले, “दार तुटलं असतं त मी झाडावरून उतरलोच नसतो.” मी दुसऱ्या डोळ्यात थेंब घातला. “त्याचा आवाज अजून येतो. कन्हायचा,” ते म्हणाले. त्या क्षणी मला ते आयुष्यात पहिल्यांदा माणसासारखे वाटले, आणि आता पुढं काय म्हणतात म्हणून मी थांबले. तेवढ्यात शेजारचे गार्डसाहेब चहाला आले. आबा उठून बसले, मिशा सारख्या केल्या, आणि म्हणाले, “वाघाची गोष्ट सांगितली का तुमाला हिनं?” मी चहा टाकायला आत गेले.

आबा वारल्यावर वर्षभरानं मी गावी गेले होते. चुलत भावाचा मुलगा चौथीत होता. मास्तर एव्हाना हेडमास्तर झाले होते आणि वीरांचा शोध दर वर्षी चालू होता. पोरगा माझ्यापुढे हात मागे बांधून उभा राहिला आणि घडाघडा म्हणायला लागला. डोळ्यांत अंगार, पोलादी छाती, कराल दाढा. वाघ आता दोन झाले होते, नर आणि मादी. शेळी अर्थातच वाचली होती.

“हे तुला कुणी दिलं?” मी विचारलं.

“हेडमास्तरांनी फळ्यावर लिहून दिलं. आत्या, तुमीच शोधून काढलेलं हाय म्हनं हे. खाली तुमचं नाव लिहायला सांगितलंय.”

“आणि तू काय शोधलंस?”

तो गोंधळला. “मी? मी उतरून घेतलं.”

आत त्याची आई जेवायला हाका मारत होती. मी त्याला म्हटलं, जा, भात निवतोय.